आईला किती ऐकू गेलं?

कासलबार, रविवार संध्याकाळ, मार्च २००५

लॅपटॉपला नवं वायरलेस कार्ड लावलं आणि किचनमधूनच आईला नागपूरला कॉल केला. कार्डावरचा हिरवा दिवा लागला, म्हणजे नेट जोडलं गेलं, पण हेडफोनमध्ये आवाजच नाही. कार्डच खराब, असं मी ठरवून टाकलं आणि नवऱ्याशी, समीरशी, बोलत बसले. "आईला यंदा उन्हाळ्यात नको बोलवूया. माझ्या नाइट ड्यूट्या... मला नाही झेपणार." त्याने इथल्या आयरिश लोकांसारखं नुसतं "ग्रँड" म्हटलं, म्हणजे 'ठीक आहे'.

मग दिसलं, हेडफोनची पिन अर्धवट बाहेर आली होती. माइकची मात्र घट्ट होती. म्हणजे कॉल चालूच होता? तो दिवा खराच होता?

पिन दाबताच आईचा आवाज आला, "अगं, केव्हाची हॅलो हॅलो करतेय!"

"तुला माझं ऐकू येत होतं?"

"तुटक तुटक. बरं, यंदा मी काही तिकडे येत नाही गं. तिथली थंडी मानवत नाही मला."

उन्हाळ्यात कसली थंडी? की इथला उन्हाळाही थंडच असतो, हे मीच कधी सांगितलं होतं? आणि दिवा समोर दिसत असताना मी बोललेच कशी?

"असं काय गं आई, तिकीट काढते ना मी," म्हटलं. ती नुसती हसली. ते हसणं कसलं होतं, अजून कळत नाहीये.