उखळावरची लाकडी फरशी

१२ जून, गुरुवार
दत्तूनं टेम्पोतून खोकी आणून माझ्या खोलीत भिंतीला लावली. मला विचारलं न्हाई. पन्नाशीला आला पोरगा, अजून आईला चोरून सामान आणतो. आत लाकडाच्या पट्ट्या. खालच्या शहाबादीवर अंथरायच्या म्हणे. लाकूडबी खरं न्हाई, भुसा दाबलेला, वर लाकडाचं चित्र.
"तुझ्या पायाला गार लागतं म्हणून आणल्या, आई."
माझ्या पायानं तुझ्याकडं तक्रार केली का रे, म्हटलं. गेला तरातरा.
शोभा, हसतेस काय, लिही. मला अक्षर येत न्हाई म्हणून सुनेच्या हातानं लिहायची पाळी. तुझ्याबद्दल वाईट आलं तरी गाळायचं न्हाई.

१३ जून
राग तसाच. दुपारी जेवले न्हाई. रात्री जेवले, पिठलं होतं.

१५ जून, रविवार
आता सगळं कळलं. तळेगावची कंपनी बंद पडल्यापासून दत्तू लोणावळ्याला एका बंगल्यावर राखणीला जातो. तितं वरच्या मजल्यावर मिस्त्री लोकांनी अशीच फरशी टाकली, हा बघत बसला. पट्टीत पट्टी अडकवायची, खिळा नको, काय नको. घरी येऊन मोबाईलवर परत बघितलं. झाला मिस्त्री.
शोभा म्हणाली, कारागीर बोलवा. तर म्हणतो, "इतकी वर्षं मशिनी जुळवल्या मी. मला पट्ट्या जुळवता येणार न्हाईत?"
माझ्या जिभेवर आलं होतं कायतरी. गिळलं. या घरात खिळा वाकडा कोण मारतो ते भिंतीला माहीत आहे, पण आज ते बोलायचं न्हाई एवढं मलाबी कळतं.
मग पुढचं ऐकलं आणि गिळलेलं वर आलं. माझ्या अंथरुणाजवळ जमिनीत उखळ आहे. तो खड्डा सिमेंटनं भरून सपाट करणार म्हणे. भावकीत कुणाचंबी लगीन असू दे, हळद त्यात कांडतात. पाच सवाष्णी मुसळ धरतात. म्हटलं, तुझ्या लेकीची, पिंकीची हळद काय मोबाईलवर कांडू?
"मिक्सर आहे, आई."
मिक्सरला पाच जणी हात लावतील कशा, ते सांगितलं न्हाई त्यानं.

१७ जून
शोभाच्या हट्टानं तळेगावचा कारागीर येऊन गेला. चपला घालून खोलीत. मी अंथरुणावर बसलेली, तर माझ्या देखत विचारतो, म्हातारीची खोली हीच का? म्हणजे मी कपाट.
मग म्हणाला, खाली ओल असली तर मी हात लावणार न्हाई. ओल आहे का? दत्तू म्हणाला, न्हाई.
म्हातारीला कुणी विचारलं न्हाई, म्हातारी बोलली न्हाई.

१८ जून
शोभा, लिही. त्या उखळाच्या बुडाला चीर आहे. शेजारची भातखाचरं भरली की आषाढात खालून पाणी वर येतं. त्या दिवसांत रोज पहाटे मी चिंधीनं टिपते, तुमी उठायच्या आत. घराला ओल आहे म्हणून चार लोकांत कशाला सांगायचं? आणि त्यावर हा भुशाच्या पट्ट्या
(इथं मी थांबले. आत्याबाई म्हणाल्या, थांबलीस तेबी लिही. — शोभा)
"आत्याबाई, काल का न्हाई बोललात?"
मी कपाट. कपाट बोलतं का?

१९ जून
शोभानं नवऱ्याला सांगितलं. सांगणारच. दत्तू आला, उखळापाशी बसला, हात घातला. कोरडं. ठणठणीत. बाहेर पाऊस कोसळतोय आणि उखळ कोरडं.
"तुला नको असंल तर नको म्हण. खोटं कशाला बोलतीस?"
जन्मात मला दगडानं खोटं पाडलं न्हाई, आज पाडलं. शेजारच्यानं उन्हाळ्यात खाचरात मुरूम टाकला, प्लॉट पाडलेत. पाणी दुसरीकडं वळलं का काय? का अजून यायचंय? या कार्ला गावात इतकी वर्षं काढली, पण मुरमाखालचं पाणी कुटं जातं ते मला कोण सांगणार.

२२ जून, रविवार
भांडण. शोभाला सांगितलं, सगळं नको लिहू, शेवटचं लिही.
मी म्हटलं, आषाढ सरू दे. तो म्हणाला, तोवर पट्ट्या खोक्यातच फुगतील. कारागिराला म्हणे फोन करून नको सांगितलं. मी म्हटलं, बंगला डोंगरावर, तितली फरशी वरच्या मजल्यावर. आपण भाताच्या चिखलात बसलोय.
तर म्हणाला, "रोज दुसऱ्याच्या घराचं दार उघडतो आणि लावतो. आपल्या घरात एक काम करू दे मला."
हळू म्हणाला.

२३ जून
त्याला सांगितलं, आषाढ लागल्यावर आठवडाभर उखळ बघ. कोरडं राहिलं तर तूच फरशी टाक, मी तोंड उघडणार न्हाई. पाणी आलं तर खोकी माघारी. उखळाचं नंतर बघू.
तोंड उघडणार न्हाई म्हटल्यावर शोभाला खोकला आला.
दत्तू कबूल. तरी सिमेंटची गोणी आणून दारात ठेवलीच.

२७ जून
आषाढ लागला. कोरडं.

२९ जून, रविवार
कोरडं. माझाच संताप येतो मला. ओल यावी असं वाटतंय का येऊ नये, तेच कळंना. आली तर दत्तूचे हात परत रिकामे. न्हाई आली तर मी खोटी आणि उखळावर सिमेंट.
पहाटे तांब्या उशाशीच होता. भरलेला. घोटभर उखळात ओतलं असतं तर कुणाला कळलं असतं?
ओतलं न्हाई. शोभा, ते 'न्हाई' ठळक लिही.

१ जुलै
दत्तू आज माझ्या आधी उठलेला. डोळे उघडले तर उखळापाशी उकिडवा, हात कोपरापर्यंत आत. मी विचारलं, आहे का ओल? हात बाहेर काढला, पायजम्याला पुसला. मग माझ्या तांब्याकडं बघितलं. तांब्या भरलेला, काठोकाठ. म्हणजे मी ओतलं न्हाई, तेबी बघितलं त्यानं.
गोणी ओलांडून बंगल्यावर गेला. चहा न घेता.
पायजम्याला धुळीचा हातबी पुसतात, ओला हातबी.
शोभा विचारते, मी हात घालून बघू का? खबरदार, म्हटलं. मीबी घातला न्हाई. संध्याकाळी येऊ दे त्याला. त्याच्या तोंडानं सांगू दे.