कोराळे सरांचं मानपत्र

१८ जून
मानपत्र परत आलं. दुसऱ्यांदा. लातूरच्या पालक समितीचे अध्यक्ष स्वतः नांदेडला घेऊन आले, बियाण्याचं दुकान बंद ठेवून. "मास्तर, चांगलं हाय, पण अजून जरा जोर पायजे. कोराळे सर म्हंजे साधा माणूस न्हाई. यंदा त्यांच्या क्लासची किती पोरं डॉक्टरकीला लागली बघा."
म्हटलं, 'ज्ञानमहर्षी' घातलं, 'दीपस्तंभ' घातलं, आता उरलं काय?
"दीपस्तंभ तर तुमी मुदखेडच्या स्टेशन मास्तरच्या निरोपालाबी घातला होता."
घातला होता. भोकरच्या तलाठ्याला पण घातला होता. माणसाच्या लक्षात राहतं हे नव्हतं माहीत.
माझी पोरगी शुभा त्यांच्याच क्लासला, बारावीला. नाही म्हणायची सोय नाही.

२० जून
ऑफ तासाला स्टाफरूममध्ये बसून एका बैठकीत लिहून टाकलं. रागात. जोर पाहिजे ना, घ्या जोर. नेहमीचंच लिहिलं, फक्त कुठं थांबलो नाही. 'हे ज्ञानसूर्या! आपण उगवताच खऱ्या सूर्याने किरकोळ रजेचा अर्ज टाकल्याचे समजते.' 'आपण खडू उचलता, तेव्हा हिमालय सरकून जागा देतो.' 'न्यूटनच्या डोक्यावर सफरचंद पडले, आपल्या डोक्यावर आम्ही पडलो.' लिहिताना एकटाच हसत होतो. माझ्याच मानपत्रांची एवढी फजिती दुसऱ्या कुणाला जमली नसती.
संध्याकाळी सुमनला वाचून दाखवलं. बायको हसेल असं वाटलं होतं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "बरंय की. तुमचं नेहमीचंच हाय."


२३ जून
रशीदभाईंकडे दिलं. माझी सगळी मानपत्रं तेच रंगवतात, अक्षर त्यांचं, नक्षी त्यांची, काचही त्यांचीच. नांदेडात त्यांच्या आजोबांपासून हाच धंदा. दोन ओळी वाचल्या आणि ब्रश खाली ठेवला.
"मास्तर, हे तर तुमची खिल्ली तुमीच उडवून राहिले!"
डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. चला, एकाला तरी कळलं. कुणाला बोलू नका म्हटलं. "तोबा! मी कशाला बोलू?" पण हे म्हणताना दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. कान देऊन होती.

२७ जून
फ्रेम आणायला गेलो. रशीदभाई दर मानपत्राला वर दोन कोपऱ्यांत दोन मोर काढतात, ती त्यांची ओळख. या वेळी चारही बाजूंनी मोरच मोर. मोराच्या पिसाऱ्यातून मोर निघालेत. एकाच्या चोचीत खडू आहे.
"हे काय?"
"तुमी शब्दाचे मोर सोडले, मी बी सोडले. मी काय आयुष्यभर दोनच मोर काढू?"
काच बसली होती. परवा न्यायचं. आता बदलणार कधी?

२९ जून
लातूर. सत्कार झाला. मंगल कार्यालय गच्च, बाहेर चपलांचा ढीग. मानपत्र मीच वाचलं, नेहमीसारखं. पहिल्या वाक्याला वाटलं, आता हशा येणार, आणि माझं काही खरं नाही. टाळ्या आल्या. हिमालयाला टाळ्या. न्यूटनला सर्वांत जास्त. फक्त एके ठिकाणी एकदम शांत झालं. 'आपण वर्गात पाऊल टाकताच भूमी कंप पावते, भिंतींना घाम फुटतो.' त्या जागी कुणी हललं नाही. मला वाटलं, परिणाम झाला.
सरांनी फ्रेम हातात घेतली. वाचली नाही. मोर बघत राहिले, खूप वेळ. मग माईकपाशी गेले.
त्यांचं वाक्य सगळ्या लातूरला पाठ आहे, "मी शिकवत नाही, मी पेटवतो." आज म्हणाले, "मी पेटवत नाही, मी जाळतो! माझ्या काळजाच्या तुकड्यांनो, मी तुमची राख करतो! आणि ती राख मी कपाळाला लावतो!" टेबलावर एवढ्या जोरात हात मारला की हाराचं ताट खाली आलं. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते.
बसमध्ये बसल्यावर डोक्यात आलं. मी माझी खिल्ली उडवली. हा माणूस स्वतःची तर उडवत नव्हता ना? माझ्याकडं बघून?

२ जुलै
मनातून जात नाही. दोनच गोष्टी असू शकतात.
त्यांना कळलं नाही. मग माझ्या खऱ्या मानपत्रात आणि थट्टेच्या मानपत्रात काहीच फरक नाही, आणि इतकी वर्षं मी जे लिहिलं ते...
किंवा कळलं. मग शुभा तिथं आहे.

११ जुलै
शुभाचा फोन, एसटीडी बूथवरून. पहिल्या बॅचमधून तिसऱ्या बॅचमध्ये टाकलं. रडत नव्हती, उलट माझीच समजूत घालत होती. "टेस्टमधी मार्क कमी पडले बाबा. पुढच्या टेस्टला वर येते."
मार्क! मानपत्राला पंधरा दिवस झाले नाहीत आणि नेमके आत्ताच मार्क कमी पडले. मला काय शिकवतेस.
सुमन म्हणते, "तुमाला सगळीकडं भूतच दिसतंय." दिसतंय, कारण आहे.

१५ जुलै
डबा घेऊन लातूरला गेलो. क्लासच्या दारात उभा राहिलो, पोरांचे लोंढे जात होते. सर गाडीतून उतरले, माझ्याकडं बघून हात जोडले, आत गेले. हात जोडले, पण थांबले नाहीत. एरवी थांबतात का ते माहीत नाही.
शुभाच्या खोलीवर बसलो. सर वर्गात कसे असतात, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाली, "चांगले हायत. पण परवा एका पोरानं गंमत म्हणून बाक हलवला, तर सर पांढरेफटक पडले. खडूच पडला हातातून. मग मेसच्या काकूंनी सांगितलं, ते किल्लारीकडचे हायत. त्यांची आई गेली भूकंपात. सर कुणालाच सांगत न्हाईत."
मी डबा उघडत होतो. तसाच ठेवला.
भूमी कंप पावते. भिंतींना घाम फुटतो. लातुरात उभं राहून, त्या हॉलमध्ये, त्या माणसासमोर. ते लोक परिणामानं शांत झाले नव्हते.

१६ जुलै
'भूमी कंप पावते' हे वाक्य माझ्या मानपत्रांत भूकंपाच्या आधीपासून आहे. बिलोलीच्या एका मुख्याध्यापकाला पहिल्यांदा घातलं होतं, लोकांना आवडलं, मग घालतच गेलो. भूकंपाच्या रात्री आमच्याकडं नांदेडला फळीवरची भांडी पडली, आम्ही रस्त्यावर येऊन उभं राहिलो, सकाळी परत घरात. त्यानंतरही ते वाक्य काढावं असं मला सुचलं नाही. आणि या वेळी तर वर भिंतीही घातल्या, गंमत म्हणून.
लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

४ ऑगस्ट
रशीदभाईंवर संशय घेतला. तुम्हीच कुठं तरी बोललात, सरांपर्यंत गेलं, म्हणून पोरीला मागं टाकलं, असं तोंडावर म्हणालो. त्यांनी चष्मा काढला.
"मास्तर, माझे मोर बी तिथंच लटकले हायत. मी बोलून माझंच हसू करू का? तुमाला भ्या तुमच्या लिहिण्याचं वाटायलंय, माणसांचं नाही."
चहा मागवला नाही. पहिल्यांदाच.

१९ ऑगस्ट
शुभा पुन्हा पहिल्या बॅचमध्ये. फोनवर आवाज नुसता उडत होता. मी म्हटलं, सरांनी काही विचारलं का माझ्याबद्दल? कुणी बोलावलं होतं का? असं एकाएकी कसं काय वर घेतलं?
मग म्हणाली, "बाबा, मी अभ्यास केला. पहाटे उठून केला. तुमाला वाटतंय का, मी काहीच करत न्हाई, खालीबी तुमच्या मानपत्रानं गेले आन् वरबी त्यानंच आले?"
फोन ठेवला. तिनं. मला तसं वाटत होतंच.

५ सप्टेंबर
शाळेत शिक्षकदिनाचा कार्यक्रम चालू असताना शिपाई आला, ऑफिसात फोन आहे. कोराळे सर. "मास्तर, रविवारी येता का? जरा काम होतं." शुभेच्छा द्यायचं राहून गेलं, त्यांनीही दिल्या नाहीत.
सुमनला सांगितलं. "मग जा की, बोलावलं तर." हिला कशाचंच काही वाटत नाही.

रविवार
सरांचं ऑफिस. आधी भिंती बघितल्या. गुणवंतांचे फोटो, ट्रॉफ्या, मंत्र्यांबरोबरचे फोटो. मानपत्र नाही. कुठंच नाही. टाकून दिलं का? का जपून ठेवलंय, वेळ आली की काढायला?
स्टेजवरचे सर आणि हे सर वेगळे. आवाज बारीक, बोलणं गावाकडचं. म्हणाले, "आईच्या नावानं गावात अभ्यासिका बांधलीय. नव्या गावठाणात. तीस सप्टेंबरला, तिच्या स्मृतिदिनाला सुरू करायची. तिच्यावर लिहून पायजे. आजवर कुणालाच लिहू दिलं न्हाई."
"मीच का?"
"तुमी लिहिता की. जोरदार लिहिता."
'जोरदार' म्हणताना बघत होते माझ्याकडं. मी खाली बघितलं. विचारलं, आईंबद्दल काही सांगा.
पेन फिरवत म्हणाले, "तिला वाचता येत नव्हतं. मी बाहेर वसरीवर बसून मोठ्यानं वाचायचो, ती चुलीपुढं. वाचणं थांबलं की आतून आवाज, कामून थांबलास रं? मला लई कंटाळा. मग मी एकच पान परत परत वाचायचो. निस्तं सोंग. तेच वाक्य, तोच धडा, रोज."
"त्यांना कळायचं?"
"ते कुठं कळलं मला. कळत असंल तर बोलली न्हाई."
आणि माझ्याकडं बघत राहिले. मी काय समजायचं? आईबद्दल बोलत होते की माझ्याबद्दल?

१३ सप्टेंबर
मजकूर बसत नाही. 'वात्सल्यसिंधू' लिहिलं, मलाच हसू आलं. 'मातृदैवत', खोडलं. प्रत्येक शब्दाला त्या मानपत्राचा वास. जे खरं म्हणून लिहायला जावं, ते मी जूनमध्ये थट्टेत वापरून बसलोय. आपल्याच हातानं आपली सगळी भांडी फोडली आणि आता घरात पाहुणा.
हा सरांचा सूड असेल तर त्याला दाद दिली पाहिजे.

१६ सप्टेंबर
पुन्हा तेच. 'त्या काळरात्री'. खोडलं. 'नियतीच्या क्रूर'. खोडलं.
सुमन म्हणाली, "ते जे तुमाला बोलले, तेच लिवा की." म्हटलं, त्याला मानपत्र म्हणत नाहीत. "मग नका म्हणू."

१८ सप्टेंबर
लिहिलं. पानसुद्धा भरलं नाही. एका बाईला वाचता येत नव्हतं, ती ऐकायची. मुलगा रोज एकच पान वाचायचा. तिला कळत होतं का, ते त्याला माहीत नाही. आता ती नाही, आणि तो जन्मभर मोठ्यानं शिकवतो आहे. बस. एकही विशेषण नाही. रशीदभाईंकडं नेलं, तोंड पाडूनच. त्यांनी वाचलं, चहा मागवला. म्हणाले, "याला मोर न्हाई काढत मी." काळ्या शाईत सरळ अक्षरात लिहून दिलं.

२१ सप्टेंबर
लातूर. सरांनी उभ्यानंच वाचलं. परत वाचलं. बाहेर बॅच सुटली, गोंगाट, तरी मान वर नाही.
"तुमचं वाटत न्हाई."
"माझंच आहे."
"मग ते जूनमधलं?"
म्हटलं, तेही माझंच.
"बरं." कागद घडी न करता फाईलमध्ये ठेवला. रागावले असते, शिव्या दिल्या असत्या, तर मी पाय धरले असते. बोलायचं म्हणून तोंड उघडलं, 'सर, ते भूमीचं वाक्य...' तेवढ्यात पोरं शंका घेऊन आत आली.
शुभाला भेटलो. तिला म्हटलं, तू अभ्यास केलास, मला माहीत आहे. "आता माहीत झालं का?" म्हणाली. पण हसली. बसपर्यंत सोडायला आली.

२९ सप्टेंबर
दुपारी शाळेत फोन. सर. "मास्तर, उद्या सकाळी गाडी पाठवतो. गावात यायचं. वाचायला तुमीच पायजे."
म्हटलं, येतो.
"अभ्यासिकेत दोन्ही लावलेत. आईच्या फोटोच्या एका बाजूला हे, एका बाजूला ते मोरांचं."
मला नीट ऐकू आलं की नाही असं वाटलं. दोन्ही? त्या गावात? ती भिंतींची ओळ, तिथं, ज्यांची घरं गेली त्यांच्यासमोर? विचारलं, सर, उद्या मी वाचायचं कोणतं?
"आल्यावर सांगतो."
हसून म्हणाले की साधंच म्हणाले, ते फोनवर कळलं नाही.
सुमन इस्त्री करते आहे, पांढरा सदरा. जाणार आहे. त्यांनी मोरांचं वाचा म्हटलं तर उभा राहीन, आणि त्या वाक्यापाशी थांबून सगळ्या गावासमोर माफी मागीन. एवढं ठरवलं आहे. तोंडातून निघेल का, माहीत नाही.