भिंतीतली गोगलगाय

प्रिय धाकट्या,

सुट्टीत येऊन तू आईकडे ठेवलेली दगडी गोगलगाय मिळाली. ‘ताईला सांग, हिचा संसार मोडून आणलीय,’ हा तुझा निरोपही तिने हसत पोचवला. मीही हसले. मग ती धुतली, भिंगाखाली धरली आणि हसू जागीच थांबलं.

ती गोगलगाय नाही रे, अमोनाइट आहे, नामशेष झालेल्या शंखवाल्या प्राण्याचा जीवाश्म. ज्युरासिक समुद्रातले हे प्राणी भराभर रूप बदलत गेले. एकेक जात थोडाच काळ टिकली. म्हणून दोन ठिकाणच्या खडकांत एकच जात सापडली, तर ते थर एकाच काळातले. तुम्ही खणताय त्या बोगद्याचा नकाशा मात्र आमच्या साहेबांनी खडकाच्या रंगावरून जुळवलाय. त्या डोंगरात काळे थर दोन, दिसायला अगदी जुळे. वरच्या थराखाली कणखर चुनखडी, खालच्या थराखाली पाण्याने भरलेली भुसभुशीत वाळू. आपण वरच्यात आहोत, उतरत गेलो की चुनखडी लागेल, असं तुम्ही धरून चाललाय. पण तुझ्या अमोनाइटवरच्या धारा कडेला जाताना दुभंगतात. ही जात मला नदीकाठच्या कड्यात फक्त खालच्या थरात मिळालीय. म्हणजे कडा आणि बोगदा यांच्यामध्ये कुठेतरी डोंगर सरकलाय, आणि तुमच्यापुढे वाळू आहे.

साहेब म्हणाले, ‘बाई, एका शिंपल्यावरून काम थांबवायचं?’ प्रश्न रास्त आहे. जुन्या थरातला जीवाश्म सुटून, वाहत येऊन नव्या थरात पडू शकतो. पण मग तो झिजलेला असता. याच्या धारा अजून नखाला टोचतात. ढिगाऱ्यात मिळाला असता तरी मी गप्प बसले असते. आईला इतक्यांदा विचारलं की ती वैतागली, ‘अगं वकिलीणबाई, त्याने बोगद्याच्या आतल्या टोकाशी, खणतात त्या भिंतीतूनच उकरला!’

अहवाल मी आज दिला. त्यावर सही व्हायला आठवडा जाईल आणि सोमवारी तुमचा सुरुंग आहे. तिकडे फोन लागत नाही, म्हणून हे पत्र पोचवायला तुमच्या ड्रायव्हरला गाठलं. तिथे दुसऱ्या कुणाचा भाऊ असता, तरी अहवाल दिलाच असता. ड्रायव्हरमागे मात्र धावले नसते. हे मला बोचतंय, पण ते माझं मी बघेन. तू इतकंच कर. सुरुंगाआधी पुढे एक लांब, बारीक भोक पाड. कोरडं निघालं तर हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाच आणि पोटभर हसा. ओलं निघालं तर कारण शोधत बसू नकोस. सगळ्यांना घेऊन बाहेर ये.

आपलं चुकलेलंच असावं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटणारी
तुझीच ताई