अजीजच्या अब्बांच्या चपला

शारजा, इंडस्ट्रियल एरिया
गुरुवार, ऑक्टोबर १९९९

प्रिय धनू,

अनेक आशीर्वाद. तू फोनवर बजावलं होतंस, अण्णा, सुनावणी होईपर्यंत पत्र नको, फोन नको, इथल्या विलायती सरकारच्या लेखी तुम्ही या जगात नाही. एकदा का तुम्ही जिवंत आहात असं कळलं की माझी आसऱ्याची केस खलास, पुढच्या विमानाने घरी. सगळं ध्यानात आहे, बाळा. हे पत्र मी पोस्टात टाकत नाहीये, तेव्हा दचकू नकोस. फक्त मधेच घडी घालून ठेवू नकोस, शेवटपर्यंत वाच. मेलेल्या बापाचा एवढा तरी मान राख.

हसलास का? मी तरी हसून घेतो अधूनमधून. परवा गॅरेजचा मुदीर, आपला मॅनेजर, नेहमीसारखा ओरडला, "यल्ला, यल्ला, जल्दी!" मी पॅजेरोच्या दाराचा पोचा काढत होतो. मनात म्हटलं, मेलेल्या माणसाकडून ओव्हरटाइम करून घेणारा तू दुनियेतला पहिलाच असशील. पण हसू फार वेळ टिकत नाही. हातावर पाणी घेताना, ताटावर बसताना, एकदम वाटतं की ही जागा आपली नाही, आपण कुणाच्या तरी वाटणीचं खातोय. खोट्या मरणाच्या बातमीने आयुष्य वाढतं असं आपल्याकडे म्हणतात. असेलही. पण वाढलेल्या त्या आयुष्याचं करायचं काय, ते कुणी सांगत नाही.

तुझ्या आईचं ऐक. तुझ्या वकिलाला विधवा आईचा फोटो हवा होता म्हणून तू तिला कणकवलीला स्टुडिओत जायला सांगितलंस. ती गेली. आधी म्हणाली, "घोव जितो आसा आणि मी कुंकू पुसू?" पण लेकासाठी गेली. तिथे पदराने कपाळ पुसलं तेव्हा आपल्या ओळखीचा तो फोटोवाला उठून बाहेर गेला म्हणे. तो म्हणाला, काकी, बटण दुसऱ्या कुणाला दाबायला सांगा, माझ्याच्याने होणार नाही. शेवटी त्याच्या बायकोने काढला. घरी येऊन रंभाने पुन्हा कुंकू लावलं, पण आता ते रोज वाकडंच लागतं असं तिला वाटतं. शेजारच्या कृष्णाबाईला बोलावून दाखवते, मधोमध आहे ना. दर शुक्रवारी मी फोन केला की पूर्वी ती पहिलं विचारायची, "जेवलात काय?" आता विचारते, "कोण बोलता?" मी नाव सांगतो. तरी ती बोलत नाही. मला दोन वाक्यं बोलू देते, आवाज पारखते, मग कुठे रडते. एकोणतीस वर्षांच्या संसारात तिने माझा आवाज ओळखला नाही असं कधी झालं नव्हतं.

मी तुला दोष देत बसलो नाही, हे तूही जाणतोस. इथे आमच्या मेसमध्ये रोज यावरच वाद चाललाय. रेडिओवर विलायतेच्या बातम्या लागतात, तिथले लोक म्हणतात, आसरा मागायला येणाऱ्यांत निम्मे खोटारडे. की लगेच आपला साताऱ्याचा गुणवंत फिटर ताट बाजूला सारतो. "खरं बोलून कुणासाठी दार उघडलंय हो? इथे तरी काय, व्हिसा एकाच्या नावाचा आणि राबायचं दुसऱ्याकडे. आपण सगळेच चोर मग!" मी त्याच्याच बाजूने बोलायचो. म्हणायचो, पोटासाठी माणूस थोडं इकडचं तिकडे करतो, त्यात कुणाचं काय जातं? वर्षभर हेच म्हणत आलो. तू म्हणाला होतास, कागद झाले की अण्णा, तुम्हाला आणि आईला बोलावून घेतो. तेव्हा बरं वाटलं. मेलेल्याला कुठल्या व्हिसावर बोलावणार, हे तुलाही सुचलं नाही आणि मलाही.

मग तो शुक्रवार आला. गावात कुणी चौकशीला आलं तर आईने काय सांगायचं, ते तू माझ्याकडून फोनवर पाठ करून घेत होतास. मी बूथमध्ये उभा, कानाला रिसीव्हर, आणि तू सांगतोयस: तिन्हीसांजेची वेळ. अण्णा दुकानात एकटे. नंबर नसलेली जीप आली. दोघे उतरले, म्हणाले, पाच मिनिटांचं काम आहे, चला. अण्णा गेले ते गेले. चौथ्या दिवशी सकाळी आईने दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर त्यांच्या चपला ठेवलेल्या. नीट जोडीने, आत तोंड करून, जणू माणूस आत्ताच घरात शिरलाय.

धनू, माझ्या पाठीला पाठ लावून त्या बूथच्या बाहेर रांगेत आमच्या खोलीतला कराचीचा अजीज उभा होता.

तुला आठवतं ना, तू इथे माझ्याजवळ राहून पेंटिंगचं काम शिकत होतास, त्या रमजानात तूच त्याला विचारलं होतंस, अजीजभाई, ईदला कराचीला का जात नाही? रोजा सोडायला बसला होता. खजूर हातातच राहिला. त्याने त्या दिवशी एकदाच सांगितलं. अब्बांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, ती जीप, "चाचा, पाँच मिनट का काम है", आणि दारातल्या त्या चपला. अम्मी मरेपर्यंत त्या कुणाला तिथून हलवू द्यायची नाही, येणारेजाणारे ओलांडून जायचे. यानेच पोलिसांत जाऊन एकाचा चेहरा ओळखून सांगितला, म्हणून याला मुलूख सोडावा लागला. तू ऐकताना रडला होतास. मी पाहिलंय. म्हणून मला कळेना की जे ऐकून तू रडलास ते तू उचललंस कसं.

मी फोन ठेवता ठेवता, सवयीने, म्हणालो, अजीजचा सलाम सांगतोय. तू मग म्हणालास, "अण्णा, त्याला सांगू नका." आणि थोडं हसून पुढे म्हणालास, की अर्ज लिहून देणाऱ्या एजंटला चपलांची गोष्ट इतकी पसंत पडली की त्याने ती आणखी दोघांच्या अर्जात घातली. ऑफिसर लोकांना असली बारीक गोष्ट पटते म्हणे. बाहेर आलो तर अजीजने विचारलं, "सब ठीक, अण्णा? लड़का खुश है?" मी म्हटलं, खुश आहे.

तेव्हापासून आमच्या खोलीच्या दारातल्या चपला मला बघवत नाहीत. आठ माणसांच्या आठ जोड्या, सगळ्यांची तोंडं आत. सकाळी उठून आधी खाटा बघतो, कोण कोण आहे. माझ्या चपला मी आता आत घेतो, खाटेखाली. गुणवंत म्हणतो, म्हाताऱ्याला चोरांची भीती बसली. मला भीती वाटते ती वेगळीच. वाटतं, त्या अब्बांना, ज्यांना मी कधी पाहिलं नाही, त्यांना तुम्ही लोकांनी दारातूनही उठवलंत. आता ते कुठल्या कुठल्या घरांच्या उंबऱ्यांवर फिरतायत, आणि त्यातलं एक घर आपलं आहे.

आता बातमी सांगतो. गॅरेज विकलं गेलं. नव्या मालकाला जुनी माणसं नकोत, आमचे व्हिसे रद्द झाले. मी गावी निघालोय, पंधरवड्यात रंभासमोर जाऊन उभा राहीन, मग तिने हात लावून खात्री करून घ्यावी. पण अजीजला गाव नाही. कराचीत अजून त्याची चौकशी होते. त्याची बहीण साजिदा लग्न होऊन तुझ्याच शहरात आहे, तिने बोलावून घेतलंय. तिथे पोचला की तो आसरा मागणार. गुणवंत त्याला म्हणाला, "अजीजभाय, वहाँ सब यही बोलता है, तुम्हारा कौन मानेगा?" अजीज शांतपणे म्हणाला, "मेरा तो सच है. सच सुनेंगे तो मानेंगे, इन्शाल्ला." मी ताटावरून उठलो. माझ्या डोळ्यांसमोर तो ऑफिसर आला, ज्याने या चपला तीनदा ऐकल्यात. चौथ्यांदा ऐकताना तो पेन खाली ठेवेल आणि हसेल. मग कराची. आणि यावेळी पाच मिनिटांचं काम अजीजकडे असेल.

काल तो माझ्याकडे आला. म्हणाला, "अण्णा, नया मुल्क है, धनू को एक चिट्ठी लिख दो, अपना लड़का है, साथ चलेगा दफ्तर." म्हणून लिहायला बसलो. तो आत्ता समोरच्या खाटेवर बॅग भरतोय. मराठी अक्षर त्याला येत नाही. मधेच विचारलं, मेरे बारे में क्या लिखा? मी म्हटलं, सब लिखा है. हे पत्र त्यानेच आणून तुझ्या हातात दिलंय, धनू. तू वाचतोयस आणि तो तुझ्यासमोर बसलाय, बहुतेक तू दिलेला चहा पितोय. ऑफिसात जाऊन आधी तू तुझा शब्द मागे घे, त्या चपला त्याच्या त्याला परत दे. तुला परत पाठवतील. पाठवू देत, घर आहे, मी आहे, आई आहे. पण ऑफिसच्याही आधी, हा कागद खाली ठेव आणि त्याला तुझ्या तोंडाने सांग. तो विचारेलच आता, अण्णा क्या लिखते हैं.

तुझाच, आणि अजून जिताच असलेला,
अण्णा