वाघाऐवजी बैल

१२ जुलै १९७३, रोहणा
पेपरात पुन्हा वाघ. आधी राष्ट्रीय प्राणी सिंह होता, आता वाघ. दोघांनीही जन्मात एक तास नांगरलेला नाही. देशाचा प्राणी बैलच हवा, तोही आपल्या गवळाऊ जातीचा. चळवळ मीच करणार. दुसरं आहेच कोण?

१३ जुलै
सुरुवात स्वतःपासून. दिल्लीचा निर्णय होईपर्यंत आपल्या जोडीच्या मानेवर जू नाही. बायकोला सांगितलं. रुख्मा म्हणाली, "पऱ्हाटीत गवत मातलं. डवरणी कोन करन?" कपाशीतल्या गवतापलीकडे तिला राष्ट्रीय दृष्टी नाही.

१९ जुलै, सकाळी
सरपंच रूपरावकडे ठराव मागितला. म्हणाला, "डोमाजी, तू पयले डवरे काढ, मंग बैल दिल्लीले नेजो." विरोध सुरू झाला म्हणजे चळवळ वाढते आहे.

२४ जुलै
पावसाची उघाड. गावभर गवत काढायला बैलांचे डवरे चालू. रुख्मा बैल सोडायला आली. मी गोठ्याच्या दारात आडवा झोपलो. सत्याग्रह. खरंच झोप लागली.

२६ जुलै
रुख्मा खांद्यावर दोर घेऊन स्वतःच डवरा ओढते. माझी बहीण तानाबाई मागून रुमणं धरते. गावात बोभाटा. बांधावर जाऊन दोघींना तत्त्व समजावलं. थांबल्या नाहीत.

२ ऑगस्ट
उद्यापासून मी ओढणार. नक्की. आज कंबर धरली आहे.

३ ऑगस्ट
कंबर.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर भाषण. 'बंधू-भगिनींनो' म्हटलं आणि बिस्किटं आली. पोरं तिकडे पळाली. तरी मुद्दा पोचला असावा.

२७ ऑगस्ट, उद्या पोळा
संध्याकाळी खांद शेकायला गोठ्यात गेलो. जुवानं सोलवटलेल्या बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं, त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. आमच्या जोडीचे खांदे गुळगुळीत. चोळायचं कशाला, कळेना. वाटी घेऊन घरात आलो.

चुलीपाशी रुख्मा पदर सरकवून बसली होती. खांद्यावर दोराचा वळ, कातडं गेलेलं. तानाबाईनं माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि तिला लावू लागली. मला लाज वाटायला हवी होती. काहीतरी बोलावं म्हणून दरवर्षी बैलांना म्हणतो तेच तोंडातून गेलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

रुख्मानं मान वळवली नाही. म्हणाली, "अन् सैपाक कोन करन?"