मागच्या खोलीची ओली भिंत

शनिवार, संध्याकाळ

मी, श्रीकांत देशकर, वाणिज्य पदवीधर, अधारताल येथील या घराचा मालक. घर विकण्यापूर्वी मागच्या खोलीची ओली भिंत दुरुस्त करावी की नुसती रंगवावी, हे ठरवण्यासाठी लिहीत आहे.

पहिले गिऱ्हाईक ओल पाहूनच परतले. उद्या जोशीबाई घर पाहायला येणार. दलाल म्हणाला, "भैया, दो कोट मार दो, बरसात तक कुछ नहीं दिखेगा." सुधाही, माझी पत्नी असून, त्याच्याच बाजूची. "सगळेच रंगवतात. तुम्हीच काहून अडून राहिले?"

भिंतीला हात लावला की तळवा गार पडतो. त्या खोलीत जोशीबाईंची दमा असलेली आई झोपणार आहे. हे ठाऊक नसते, तर मी रंगवली असती का? कदाचित. पुन्हा हात लावून पाहिला. गारच.

अखेर त्यांना फोन केला. भिंत आतून ओली आहे, दुरुस्तीला पंधरा दिवस लागतील, असे सांगितले. त्यांनी विचारले, "बाकीच्या भिंती तरी ठीक आहेत ना, काका?"

दिवाळीत स्वयंपाकघराची ओल आम्ही रंगानेच झाकली होती. सुधा समोरून मानेने नको, नको म्हणत होती.

मी तीही सांगितली.

श्रीकांत देशकर
जबलपूर, १० जानेवारी