खानावळीपुढचे दोन मेलेले ट्रक

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. हे पत्र बसून वाच, उभ्याने वाचू नकोस. तुला आधीच चक्कर येते.

सूनबाईने खानावळ उघडून तीन आठवडे झाले. समोरून दिवसाला दोनशे ट्रक जातात, मी पायरीवर बसून मोजतो. एकही थांबत नाही. काल एकाने वेग कमी केला, म्हणून मी उठून शर्टाची बटणं लावली. तो थुंकला आणि पुढे गेला.

त्यांना तरी काय दोष देऊ? तीस वर्षं मीही ट्रकच हाकला. अनोळखी मुलखात जेवायचं तर पाटी बघायची नाही, मालकाचं हसणंही बघायचं नाही. दोन ट्रक उभे असतील तिथे आपला तिसरा लावायचा. हे तुला मीच शिकवलं. पण पहिला ट्रक कोण लावतो, याचा विचार जन्मात केला नव्हता. आता दुसरा विचारच येत नाही.

सूनबाई म्हणते की महिनाअखेरपर्यंत वाट बघणार, नाहीतर पाटी उतरवून शहरात चिरंजीवाकडे जाणार आणि त्याच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये लागणार. मलाही नेणार. तिसरा मजला, एक खिडकी, तीही भिंतीकडे उघडणारी. माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. एकदा वर चढलो की मला खाली चौघांनीच आणायचं.

तुझ्या गॅरेजमागे दोन मेलेले ट्रक पडलेत ना, ते पाठव. मी खानावळीपुढे उभे करतो. सूनबाईला कळू देऊ नकोस. तिला आपल्या हाताच्या चवीचा अभिमान आहे, आणि तो खोटा नाही. ब्रेक तपासून पाठव. दोरखंड तपास. दोरखंड बांधणाऱ्यालाही तपास.

तुझा काळजीने अर्धा झालेला,
दादा

ता. ९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. पत्र बसून वाचलं ते बरं झालं, हसून पडलोच असतो.

तुझा नियम मला चांगला आठवतो. क्लीनर म्हणून तुझ्याबरोबर पहिल्यांदा निघालो, तेव्हा अकरा ट्रक उभे दिसले म्हणून तू मला एका ठिकाणी जेवायला बसवलंस. ते अकरा जण पुढचा पूल खचला म्हणून अडकले होते. नंतरचे तीन दिवस आपण ट्रकमध्ये कमी आणि झुडपाआड जास्त होतो. तरी तुझी श्रद्धा ढळली नाही.

बारा तारखेला सूनबाई बाजारात जाते त्या वेळी माझी माणसं ट्रक ओढून आणतील. हिरव्याला इंजिन नाही. लालचं बॉनेट मिटत नाही. ब्रेक कसले तपासू? जे चालत नाही, ते थांबणार कसं? चाकांखाली दगड लाव. आणि ड्रायव्हर कुठे आहेत असं सूनबाईने विचारलं तर काय सांगायचं ते आत्ताच ठरव. खोटं बोलताना तुझे कान लाल होतात.

लोभ आहेच, तो भंगारासकट स्वीकारावा.
धाकटा

ता. १७ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक शिवी. ती भेटल्यावर देईन.

ट्रक थांबतात. दिवसाला सात-आठ थांबतात. पण जेवायला एकही नाही! तुझ्या लालने बॉनेटचा आ वासलेला, चाकांखाली दगड. सगळ्यांना वाटतं हे गॅरेजच. उतरले की मिस्त्री कुठे आहे म्हणून मलाच विचारतात. मी सकाळी सांगतो दुपारी येईल, दुपारी सांगतो संध्याकाळी येईल.

सूनबाईने ड्रायव्हरांचं विचारलंच. दमून केबिनमध्ये झोपलेत, असं मी ठोकून दिलं. तर ती म्हणाली की माणसं दारात उपाशी झोपलेली चालणार नाहीत, आणि दोन ताटं वाढून माझ्या हातात दिली. आता ताटं रिकामी परत न्यायला नकोत का? केबिनमध्ये चढलो, वाकून बसलो आणि दोन्ही संपवली. तेव्हापासून रोज ही दोन, आणि घरात आलं की माझं स्वतःचं तिसरं. ते नको म्हटलं तर तिला संशय येईल. पट्ट्याला आता भोक उरलेलं नाही. बरं, टाकून द्यावं तर ते इतकं चांगलं असतं की हात धजत नाही.

पाप अंगाशी येतं म्हणतात, माझ्या पोटाशी आलं. महिना संपायला चौदा दिवस राहिले. काय करू ते लवकर कळव.

तुझा फुगत चाललेला,
दादा

ता. २१ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि. मामंजींना न सांगता लिहिते आहे; या घरात आता तीच रीत दिसते.

इंजिन नसलेला ट्रक आपणहून जेवायला येत नाही, एवढं मला पहिल्याच दिवशी कळलं, आणि हे भंगार कुणाच्या गॅरेजमागचं तेही. फार राग आला. माझ्या रश्श्याला खोटी गिऱ्हाइकं लागावीत? म्हणून मुद्दाम दोन ताटं दिली. वाटलं, दोन दिवसांत कबूल होतील. ते ताटं चाटूनपुसून आणत राहिले. ड्रायव्हरांना जेवण कसं वाटलं म्हणून विचारलं, तर कान लाल करून म्हणाले की हिरव्या ट्रकवाल्याला रस्सा फार आवडला, पण लालवाल्याला मीठ जरा कमी वाटलं. दुसऱ्या दिवशी चाखून बघितलं. खरंच कमी होतं.

मग राग कुठे टिकतो? परवा रेडिएटर तापलेला एक ट्रकवाला मिस्त्रीची वाट बघत दुपारभर बसला. बसून बसून भूक लागणारच; मी ताट ठेवलं. काल तो आणखी दोघांना घेऊन आला. त्यांचे ट्रक धडधाकट होते. आज पाच जण होते. तुमच्या लाल ट्रकला टेकून हात वाळवत गप्पा मारत होते, बॉनेटकडे कोणी बघितलंही नाही.

पण येणारे अजून मिस्त्रीला विचारतात, आणि मामंजी रोज तुमच्या वतीने शब्द देऊन बसतात. तेव्हा हत्यारांची पेटी घेऊन या. महिनाअखेर पाटी उतरवणार आहेच, पण रंगवायला. तिच्यावर ‘खानावळ’च्या खाली ‘गॅरेज’ असंही लिहून घ्यायचं आहे.

मामंजींना यातलं काही सांगितलेलं नाही. त्या दोन ड्रायव्हरांची ताटंही चालूच ठेवली आहेत. मीठ कमी पडलं तर मला दुसरं कोण सांगणार?

लोभ ठेवावा, आणि येताना भूक आणावी.
सूनबाई